स्पेअरच्या परब मॅडम

परब मॅडम कुणालाही पहिल्यांदा भेटल्या की नाव-गाव विचारायच्या नाहीत. चष्मा नाकावर खाली घ्यायच्या, समोरच्याला वरपासून खालपर्यंत बघायच्या आणि विचारायच्या, "तुम्ही आला नाहीत तर कोण येणार?"

हा प्रश्न त्यांनी कुणाकुणाला विचारलाय त्याला गणती नाही. आमच्या डेपोतल्या एका ड्रायव्हरच्या मुलीचं लग्न लालबागच्या हॉलमध्ये होतं. अंतरपाट धरायची वेळ झाली आणि मॅडम पुढे होऊन भटजींना विचारतायत, तुम्ही आला नसतात तर कोण आलं असतं? भटजी म्हणाले, मी आलोय ना. मॅडम म्हणाल्या, ते दिसतंय, पण समजा. भटजी मंगलाष्टकं बाजूला ठेवून समजायला लागले. शेवटी त्यांनी ठाकूरद्वारच्या एका चुलत भावाचं नाव दिलं, नंबर दिला, मॅडमनी तो पर्समधल्या छोट्या वहीत उतरवून घेतला, तेव्हा कुठे लग्न पुढे सरकलं. दातांच्या डॉक्टरला तर त्यांनी खुर्चीत आडव्या पडून, तोंड उघडं असताना विचारलं. त्याला कळेना, म्हणून त्याने मशीन बंद केलं. प्रश्न नीट ऐकल्यावर तो बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिला, असं मॅडमनीच आम्हाला सांगितलं.

मी कंडक्टर म्हणून लागले त्या दिवशी पहाटे साडेचारला डेपोत हजर होते. कोणता डेपो ते सांगत नाही. परळच्या आसपास आहे एवढं पुरे, मला अजून तिथेच नोकरी करायची आहे. इस्त्रीचा युनिफॉर्म, नवी बॅग, छातीवर बिल्ला. ड्यूटी वाटपाच्या खिडकीत एक बारीक अंगाची बाई बसली होती. केस घट्ट बांधलेले, कानावर पेन्सिल. मी नाव सांगितलं, तांबे. त्यांनी मान वर केली नाही.

"नाव नंतर. तू आली नाहीस तर कोण?"

मी म्हटलं, मॅडम, मी आजच लागले, मी रोज येणार.

"पहिल्या दिवशी सगळे रोज येणार असतात," त्या म्हणाल्या आणि माझं नाव रजिस्टरात पेन्सिलीने लिहिलं. त्यांनी ते शाईने लिहायला पुढे दोन वर्षं गेली.

बाहेरच्या माणसाला थोडं समजावून सांगायला हवं. बस डेपोतून निघायला गाडी लागते, ड्रायव्हर लागतो, कंडक्टर लागतो. गाडीचं सोपं असतं. आदल्या दिवशी जिथे उभी केली तिथे ती सकाळी उभी असते. माणसाचं तसं नाही. माणसाला ताप येतो, त्याच्या सासऱ्याला ताप येतो, गावचा मामा न कळवता दारात उभा राहतो. रोज काहीजण येतच नाहीत. म्हणून रोज काहीजण जादा बोलवायचे, तयार बसवून ठेवायचे, आणि जिथे भोक पडेल तिथे पाठवायचे. त्यांना आम्ही स्पेअर म्हणतो. खिडकीला लागून भिंतीशी एक लांब बाक होता, त्यावर हे लोक बसायचे. नवीन माणसाला सुरुवातीला स्पेअरच मिळतं. मीही सहा महिने त्या बाकावर काढले.

नुसतं बसायचं, काय त्यात, असं वाटेल. परब मॅडमच्या हाताखाली बसून बघायला हवं होतं. बूट घातलेले, बिल्ला लावलेला, बॅग मांडीवर, तिकिटाचं मशीन चार्ज केलेलं. डुलकी बंद, पत्ते बंद. पाणी प्यायला उठायचं तर एकावेळी एकाने. एकदा एका ड्रायव्हरने पाय आखडले म्हणून बूट काढून ठेवले. मॅडम खिडकीतून म्हणाल्या, "बूट काढलेला माणूस स्पेअर नाही. तो पाहुणा. चहा घ्या आणि घरी जा." त्याने बूट घातले. पुढे कित्येक वर्षं त्याला सगळे पाहुणेच म्हणायचे.

मॅडमच्या टेबलाच्या खणात एक जाड वही असायची. सरकारी नाही, त्यांची स्वतःची. कोण कधी येणार नाही, याची ती वही. सावंत ड्रायव्हरचा गुडघा थंडीत धरतो. शेख कंडक्टरच्या मुलीची परीक्षा मार्चमध्ये. शिमग्याला अमुक पाच जण गावी, गणपतीला सगळं कोकण. अमक्याचं बायकोशी भांडण झालं की तो दुसऱ्या दिवशी वेळेच्या आधी येतो, आणि समेट झाला की दांडी मारतो. आदल्या संध्याकाळी त्या फोन लावायच्या. सावंत ड्रायव्हरला एकदा म्हणाल्या, उद्या तुम्ही येत नाही आहात. सावंत म्हणाले, मॅडम, मी अजून काही ठरवलं नाही. मॅडम म्हणाल्या, मी ठरवलंय, साखरप्याहून मेहुणा आलाय ना? सावंत दुसऱ्या दिवशी खरंच आले नाहीत. त्यांच्या जागी दुसरा माणूस आदल्या संध्याकाळीच ठरलेला होता.

त्यांचा जन्म मुंबईचा, पण घरातलं बोलणं मालवणी. रागावल्या की मालवणी वर यायची. आम्ही कुणी न येण्याबद्दल खोटं कारण सांगितलं तर एवढंच म्हणायच्या, "माका ठाऊक आसा." त्यानंतर खोटं पुढे चालवायची कुणाची हिंमत व्हायची नाही.

इतकं करूनही कधीतरी हिशोब चुकायचाच, आणि फेरी रद्द व्हायची. अशा वेळी बाकीच्या डेपोंत काय करतात? काही नाही. लोक स्टॉपवर उभे राहतात, रस्त्याकडे बघतात, कंटाळतात, जातात. परब मॅडम उठायच्या, खिडकी बंद करायच्या आणि चालत स्टॉपवर जायच्या. पहिल्यांदा गेल्या तेव्हा मला सोबत घेऊन गेल्या. आमची सकाळची पहिली गाडी हॉस्पिटलांवरून जाते. तिला वॉर्डातल्या आया असतात, स्वयंपाकघरातले लोक असतात, बाहेरगावाहून केस पेपर काढायला आलेली माणसं असतात. मॅडम त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, तुमची गाडी आज येणार नाही, माणूस आला नाही आणि माझ्याकडे दुसरा नव्हता, चूक माझी आहे, पुढची गाडी वीस मिनिटांनी आहे. लोकांनी बोलायचं ते बोलून घेतलं. एक म्हातारे गृहस्थ तर बराच वेळ बोलत होते. मॅडम हात बांधून सगळं ऐकून घेत होत्या. मी हळूच म्हटलं, मॅडम, आपण जाऊया ना. म्हणाल्या, त्यांचं संपू दे.

परत येताना मला म्हणाल्या, "न सांगता वाट बघायला लावणं म्हणजे अपमान आहे. गाडी चुकली तर माणूस विसरतो. अपमान विसरत नाही."

ही सगळी व्यवस्था नीट चालली होती. मग रणदिवे साहेब आले.

रणदिवे साहेब म्हणजे आमचे नवे डेपो मॅनेजर. वय कमी, बोलणं गोड, लॅपटॉप कायम उघडा. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगते. पहिल्याच दिवशी ते डेपोत फेरी मारायला निघाले आणि बाकासमोर थांबले. बारा माणसं, बूट घालून, बॅगा मांडीवर घेऊन, समोर बघत बसलेली. साहेबांनी मॅडमना विचारलं, ही माणसं काय करतायत?

मॅडम म्हणाल्या, काम.

कसलं?

"बसण्याचं," मॅडम म्हणाल्या.

साहेब हसले. त्यांना वाटलं विनोद आहे. मॅडम हसत नाहीत हे लक्षात आल्यावर ते केबिनमध्ये गेले आणि त्यांनी लॅपटॉपवर काहीतरी केलं. आठवड्याने ऑर्डर आली. डेपोत कुणीही रिकामं बसणार नाही. स्पेअर बंद, सगळ्यांना रोजच्या शेड्यूलवर टाका, त्यातून चार फेऱ्या वाढतील. बाक कॅन्टीनमध्ये हलवला. कॅन्टीनवाल्याला आनंद झाला.

मॅडमनी ऑर्डरवर सही केली नाही. साहेबांनी समजावून सांगितलं, वरून आलंय, सगळ्या डेपोंत असंच होणार आहे, आकडे बघा. मॅडमनी आकडे बघितले. म्हणाल्या, आकडे सगळे आलेले आहेत, यातला एकही आकडा आजारी नाही. साहेबांनी पहिला मेमो दिला. कर्मचाऱ्यांना विनाकाम बसवून ठेवल्याबद्दल खुलासा करावा. मॅडमनी खाली पेन्सिलीने खुलासा केला. 'विनाकाम बसवलेले नाहीत. बसण्याच्या कामावर बसवलेले आहेत. परब.'

पहिले दोन आठवडे खरंच चार फेऱ्या वाढल्या. साहेब खूष होते. कॅन्टीनमध्ये आमच्यातले काहीजणही म्हणायला लागले, बाई उगाच हट्टाला पेटल्यात, इतकी वर्षं आपल्याला भिंतीशी बसवून ठेवलं. मला राग आला. मॅडम रोज संध्याकाळी वही काढून फोन करत राहिल्या. फरक एवढाच की आता उद्या येणार नाहीत ते कळायचं, पण त्यांच्या जागी पाठवायला कुणी नसायचं.

तिसऱ्या आठवड्यात तापाची साथ आली. डेपोत एक खोकला आला आणि चार दिवसांत तो सगळीकडे फिरला. एका सकाळी सातजण आले नाहीत. गाड्या धुऊन, पुसून रांगेत उभ्या. मॅडम रजिस्टरात बघत बसल्या. मग उठल्या, गेटवरच्या काळ्या फळ्यापाशी गेल्या. त्या फळ्यावर रोज कुणीतरी सुविचार लिहायचं. त्यांनी तो पुसला आणि ठळक अक्षरांत लिहिलं, 'गाडी आहे. माणूस नाही. पहिली फेरी रद्द.' खाली सही.

साहेबांनी आल्या आल्या ते पुसलं. मॅडमनी पुन्हा लिहिलं. साहेबांनी खडू कपाटात कुलूपबंद केले. दुसऱ्या दिवशी मॅडम परळच्या स्टेशनरीच्या दुकानातून रंगीत खडूंचा डबा घेऊन आल्या आणि तेच गुलाबी रंगात लिहिलं. येणारे-जाणारे थांबून वाचायला लागले. एकाने फोटो काढला. साहेबांचा दुसरा मेमो आला, फलक सुविचारासाठी आहे. मॅडमचा खुलासा: 'लिहिलेले खरे आहे. खरे लिहिणे हा सुविचारच आहे.'

हे आम्हाला करमणूक वाटत होतं. त्या आठवड्याच्या शुक्रवारी जे झालं, त्यानंतर वाटेना.

शुक्रवारी पहिल्या गाडीचा ड्रायव्हर आला नाही. त्याच सुमारास सावंत ड्रायव्हर रात्रपाळीची गाडी आत आणून खुर्चीत बसले होते. साथ सुरू झाल्यापासून ते दुसऱ्यांच्या जागी ड्यूट्या करत होते. बसल्या बसल्या त्यांची मान पुढे गेली होती. साहेब खिडकीपाशी आले. म्हणाले, सावंतना द्या, दीड तासाची तर फेरी आहे, मग जाऊ दे घरी. सावंत डोळे उघडून म्हणाले, जातो साहेब. ते खरंच उठायला लागले.

"बसा," मॅडम म्हणाल्या. सावंत बसले.

साहेबांनी शांतपणे सांगितलं की हा माझा आदेश आहे, रजिस्टरात नाव लिहा. मॅडम म्हणाल्या, नाव लिहिणं माझं काम आहे, आणि मी लिहिणार नाही. साहेबांचा आवाज थोडा चढला. आम्ही चार-पाच जण तिथे उभे होतो, त्यामुळे साहेबांनाही माघार घेता येईना. मॅडमनी कानावरची पेन्सिल काढली, रजिस्टर उलटं फिरवून साहेबांसमोर सरकवलं.

"तुम्ही लिहा. सावंतांचं नाव, आणि शेजारी तुमची सही. ते चाक धरून झोपले तर गाडीत कोण कोण असेल ते मी स्टॉपवर जाऊन लिहून आणते."

साहेबांनी पेन्सिल घेतली. सावंत आळीपाळीने दोघांकडे बघत होते. मग साहेबांनी पेन्सिल खाली ठेवली आणि म्हणाले, रद्द करा.

वाटलं, संपलं. मॅडमनी खिडकी बंद केली, बाहेर आल्या आणि साहेबांना म्हणाल्या, चला. साहेबांना कळेना कुठे. मॅडम म्हणाल्या, फेरी रद्द केली की सांगायला जायचं असतं, आजची तुम्ही केलीत. साहेब नाही म्हणू शकले असते. ते गेले, याचं श्रेय मी त्यांना आजही देते. मीही मागून गेले.

स्टॉपवर पंधरा-वीस माणसं होती. साहेबांनी घसा साफ करून सांगितलं, तांत्रिक अडचणीमुळे गाडी रद्द झाली आहे. मॅडम शेजारी उभ्या होत्या. त्या फक्त म्हणाल्या, तांत्रिक नाही. साहेब थांबले आणि म्हणाले, ड्रायव्हर नाही आमच्याकडे. एक मध्यमवयीन बाई पुढे आली, हातात डब्याची पिशवी. ती चिडलेली नव्हती, तेच जास्त लागलं. ती म्हणाली की ती लहान मुलांच्या वॉर्डात आया आहे. रात्रीची आया ती पोचेपर्यंत जागची हलू शकत नाही. रात्रीच्या त्या बाईचं अंगावर पिणारं बाळ घरी शेजारणीकडे असतं, आणि शेजारीण साडेसहाला कामाला निघते.

"म्हणजे बघा साहेब," ती म्हणाली, "मी नाही गेले तर ती सुटत नाही, ती नाही सुटली तर शेजारीण सुटत नाही. आता यातलं कुणी कुणाला फोन करायचा?"

साहेब डेपोत परत गेले, स्वतःची गाडी काढली आणि त्या बाईला, आणखी तिघांना घेऊन हॉस्पिटलला सोडून आले. परत आल्यावर खिडकीपाशी उभे राहिले. मॅडमनी त्यांना चहा दिला. मला वाटलं आता काहीतरी चांगलं बोलतील. मॅडम म्हणाल्या, आज तुम्ही होतात, उद्या तुमच्या गाडीला ड्रायव्हर कोण?

सोमवारी स्पेअर परत सुरू झालं. पूर्ण नाही, निम्मं. वरच्या ऑफिसला कळवताना साहेबांनी त्याला स्टँडबाय रिसोर्स असं नाव दिलं. आम्ही स्पेअरच म्हणतो. कॅन्टीनवाला बाक परत द्यायला तयार नव्हता, तेव्हा सहा प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या.

पण तिसरा मेमो थेट वरून आला, आदेश नाकारल्याबद्दल. मॅडमनी खुलासा एका शब्दात केला: 'होय.' महिन्याभरात त्यांची बदली झाली. शहराच्या दुसऱ्या टोकाला, जुनी कागदपत्रं ठेवतात तिथे. तिथे माणूस आला काय, न आला काय, कपाटं कुठे जात नाहीत. रणदिवे साहेब स्वतः ऑर्डर घेऊन खिडकीपाशी आले. मी खूप प्रयत्न केला, म्हणाले. मॅडमनी कागद वाचला, त्यावर मात्र पेनाने सही केली आणि विचारलं की इथे कोण बसणार. साहेबांनी तो विचार केलेलाच नव्हता. मॅडमनी माझ्याकडे मान केली. दोन वर्षं त्या मला 'तांबे, जरा इथे बस, मी आले' म्हणून खिडकीत बसवून जात होत्या, आणि मला वाटायचं चहाला जातायत. तर आता त्या खिडकीत मी बसते. वही पण माझ्याकडे आहे. लोक म्हणतात, तांबे पण तसलीच निघाली. म्हणू देत.

शेवटच्या दिवशी त्यांचं सामान पोचवायला मी करी रोडला त्यांच्या घरी गेले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. चाळ अर्धी रिकामी होती. बिल्डरचं ठरल्यामुळे बरेच भाडोत्री निघून गेले होते. त्यांच्या मजल्यावर आजूबाजूच्या दोन्ही खोल्यांना कुलपं होती. आत एक खोली, स्वच्छ, गॅलरीत मोगऱ्याच्या दोन कुंड्या. भिंतीवर एका लग्नाचा मोठा फोटो होता, नवरा-नवरी आणि तीस-चाळीस माणसं. मी विचारलं, यात तुम्ही कुठे? चहा गाळता गाळता म्हणाल्या, नाही मी, दागिन्यांच्या बॅगेपाशी कुणीतरी थांबायला हवं होतं.

मग त्यांनी सांगितलं, तेही मी विचारलं म्हणून. नवरी म्हणजे त्यांची भाची. मोठी बहीण गिरगावात दिली होती. ती आजारात गेली तेव्हा मुलगी चार वर्षांची, मुलगा दीड वर्षाचा. मॅडम तेव्हा सव्वीसच्या. नोकरी नवीन होती, एका ठिकाणी लग्नाची बोलणी चालू होती. पाच भावंडांत मोकळ्या त्याच म्हणून सगळ्यांनी त्यांच्याकडे बघितलं. त्या गेल्या. नोकरी सांभाळून नऊ वर्षं राहिल्या. मुलं मोठी झाली, मेहुण्यांनी दुसरं लग्न केलं, मॅडम बॅग घेऊन परत आल्या. बोलणी चालली होती तो माणूस एव्हाना दोन मुलांचा बाप झाला होता. हे सगळं त्यांनी बशीत चहा ओतताना सांगितलं, जसं एखाद्या फेरीचं वेळापत्रक सांगावं तसं. मग म्हणाल्या, "घरात पण एक लागतोच गो. त्याला लोक रिकामा म्हणतात, एवढंच मला सहन होत नाही."

मी कप धुवायला उठले तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. भाची होती, नाशिकहून. आवाज मला बाहेरपर्यंत ऐकू येत होता. बाळाला ताप आहे, नवरा टूरवर आहे, सासूबाई गावी गेल्यात, मावशी, चार दिवस येशील का. मॅडम म्हणाल्या, निघते. फोन खांद्याशी धरूनच त्यांनी खाटेखालची बॅग ओढली. कपडे आधीच भरलेले होते. चार साड्या, टॉवेल, औषधांची पिशवी. मला ते बघून काय झालं कुणास ठाऊक, मी बोलून गेले.

"मॅडम, एरवी ती फोन करते का तुम्हाला?"

त्या चेन लावत होत्या. म्हणाल्या, नाही करत. मला वाटलं दुखावल्या. पण त्यांनी मान वर केली तेव्हा चेहऱ्यावर तोच भाव होता, रजिस्टर साहेबांसमोर सरकवतानाचा.

"पोर तापलं तेव्हा तिने पहिला फोन कुणाला केला? विचार नाही केला तिने. बोट आपोआप माझ्या नावावर गेलं. हे ज्याला कमी वाटतं त्याला वाटू दे. मला वाटत नाही."

आम्ही बाहेर आलो. त्यांनी दाराला कुलूप लावलं आणि चावी हातात घेऊन उभ्या राहिल्या. एकदा डावीकडच्या कुलपाकडे बघितलं, एकदा उजवीकडच्या. मग चावी माझ्यापुढे धरली. म्हणाल्या, कुंड्यांना एक दिवसाआड पाणी घाल, उन्हात लगेच सुकतात. मी चावी घेतली आणि विचारलं, तुमच्याकडे दुसरी आहे ना? नव्हती. कधी केलीच नव्हती. कुणाला देणार, म्हणाल्या.

मग परत याल तेव्हा आत कशा जाल, मी विचारलं.

त्या जिन्याकडे बघत म्हणाल्या, "तुला फोन करीन."

मी म्हटलं, करा.

चारऐवजी सहा दिवस झाले. सातव्या दिवशी दुपारी, माझी ड्यूटी संपता संपता फोन आला, पोचतेय. मी करी रोडला गेले तेव्हा त्या जिन्याच्या वरच्या पायरीवर बॅग मांडीवर घेऊन बसल्या होत्या. मला यायला बराच उशीर झाला होता. बाळ आता चांगलं आहे, म्हणाल्या, चालायला लागलंय. मी चावी काढली. त्यांनी ती घेतली नाही. तांबे, जरा इथे बस, म्हणाल्या. थोड्या बाजूला सरकल्या, पायरीवर मला जागा करून दिली, आणि कुलूप न उघडताच आम्ही बराच वेळ तिथे बसून राहिलो.